रोग बरा करणे आणि माणसाला सावरणे : ख्रिस्ती रुग्णसेवेच्या परंपरेतून आम्ही घेतलेला धडा



वार्षिक अहवालाच्या पानांत आकड्यांना मान अधिक असतो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, निर्धन रुग्ण निधीतून किती जणांवर उपचार झाले, हे सारे ताळेबंदासह आपल्यासमोर ठेवणे आमचे कर्तव्यच आहे. मात्र यंदाच्या अंदाजपत्रकात एक खर्च असा समाविष्ट झाला आहे, की ज्याच्यासमोर उत्पन्नाच्या रकान्यात काहीच लिहिता येत नाही. अतिदक्षता विभागालगत नातेवाइकांसाठी एक खोली, एका पूर्णवेळ समुपदेशकाचे वेतन आणि परिचारिकांपासून बिल काउंटरवरील लिपिकांपर्यंत सर्वांसाठी वर्षभर चालणारे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत साहजिकच विचारणा झाली, की हीच रक्कम डायलिसिसच्या नव्या यंत्राकडे का वळवू नये? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर इतिवृत्ताच्या दोन ओळींत मावणारे नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

एक तक्रारपत्र

या निर्णयाचे मूळ एका पत्रात आहे. आमच्या रुग्णालयात वडिलांना गमावलेल्या एका गृहस्थांनी ते लिहिले होते. उपचारांविषयी त्यांची कोणतीही तक्रार नव्हती. डॉक्टरांनी शर्थ केली, बिलातही सवलत मिळाली, हे त्यांनी आवर्जून नमूद केले होते. मात्र वडील गेल्याची वार्ता त्यांना डॉक्टरांकडून कळली नाही. औषधे घेऊन ते वर येत असताना बिल काउंटरवरून त्यांना हाक मारण्यात आली आणि अंतिम बिल तयार आहे, ते भरल्यावर पुढचे कागद करता येतील, असे सांगण्यात आले. ‘पुढचे कागद’ या दोन शब्दांवरून त्यांनी काय ते ओळखले. वडिलांसाठी नुकतीच विकत आणलेली इंजेक्शने त्या क्षणी त्यांच्या हातात होती.

हाक मारणाऱ्या लिपिकेने कोणताही नियम मोडला नव्हता. संगणकावर नोंद उमटली आणि तिने बिल काढले. वॉर्डातील डॉक्टर दुसऱ्या रुग्णाच्या खाटेशी अडकले होते, परिचारिकेला वाटले की नातेवाइकांना सांगून झाले आहे. प्रत्येकाने आपापले काम केले आणि सर्वांनी मिळून एका मुलावर अन्याय केला. चूक व्यवस्थेची होती आणि व्यवस्थेची जबाबदारी प्रशासनाची, म्हणजे आमची होती. दिलगिरीचे पत्र आम्ही पाठविले. पण पत्राने प्रश्न मिटला नाही, उलट तो आमच्या मनात सुरू झाला.

त्या दिवसांत आमच्या निवृत्त मेट्रन काही कामासाठी कार्यालयात आल्या होत्या. त्यांचे परिचर्येचे शिक्षण एका मिशन रुग्णालयात झालेले. सारी हकिकत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, की दुःखाची बातमी कशी सांगावी, सांगून झाल्यावर किती वेळ तिथेच थांबावे, हे आम्हाला शिकविले जात असे; ते कोणालाही आपोआप येत नाही. त्यांच्या या एका वाक्याने आमच्या विचारांना दिशा मिळाली. आमची संस्था कोणत्याही एका धर्माची नाही. तरीही रुग्णसेवकाच्या मनाची घडण हा विषय ज्या परंपरेने शतकानुशतके हाताळला, ती ख्रिस्ती रुग्णसेवेची परंपरा समजून घ्यावी, असे आम्ही ठरविले. त्या अभ्यासातून हाती आलेले काही येथे मांडत आहोत.

‘सिस्टर’ हा शब्द

या परंपरेचा ठसा आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्यात जा, परिचारिकेला सारे जण ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात. हाक मारणारा हिंदू असो, मुसलमान असो वा बौद्ध, तो या शब्दाच्या कुळाचा विचार करीत नाही. युरोपात रुग्णांची शुश्रूषा दीर्घकाळ व्रतस्थ ख्रिस्ती भगिनी करीत असत. त्यांची ही उपाधी पुढे इंग्रजी रुग्णालयांतील परिचारिकांना लाभली आणि तेथून ती आपल्याकडे आली. आपल्या लोकांनी तिच्या जोडीला आयांना ‘मावशी’ आणि वॉर्डबॉयना ‘मामा’ केले. रुग्ण खाटेवर पडताच त्याला गणगोत हवेसे वाटते, हेच या हाकांतून दिसते.

आपल्या भागाला ही परंपरा नवीन नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढील कित्येक दशके दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील अवघड दुखण्यांचे रुग्ण ‘मिरजेला मिशनमध्ये’ नेले जात. तेथे मिळणाऱ्या शस्त्रक्रियेची ख्याती सर्वांना ठाऊक होती. त्या कौशल्यामागे सेवकांची काही एक घडण होती, याकडे मात्र आपले लक्ष तितकेसे गेले नाही.

दोन दीनारांचा हिशेब

ख्रिस्ती रुग्णसेवेच्या मुळाशी येशू ख्रिस्ताने सांगितलेला शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आहे. लूककृत शुभवर्तमानात तो आला आहे. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका वाटसरूला लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकून दिले. एक याजक आला आणि बाजूने निघून गेला. एक लेवी आला, तोही तसाच गेला. नंतर आला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहार टाळीत अशा समाजातील माणूस. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतली.

हा दृष्टान्त बहुतेकांना येथवर माहीत असतो. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून आमचे लक्ष मात्र त्याच्या शेवटाकडे जाते. दुसऱ्या दिवशी निघताना शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि याहून अधिक खर्च झाल्यास परत येताना तो चुकता करीन, असे सांगितले. एक दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. करुणेच्या या कथेत आगाऊ रक्कम आहे आणि उर्वरित खर्चाची हमीही आहे. येशूने त्या पैशाचा उल्लेख टाळला नाही. जखम बांधणारा हात आणि खर्चाची तजवीज करणारा हात त्याने एकाच माणसाचे दाखविले.

आजच्या रुग्णालयात हे दोन हात वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. जखम बांधणारी परिचारिका वर, हिशेब करणारी लिपिका तळमजल्यावर. दोघींची गाठ पडत नाही, आणि आमच्या हातून घडलेली चूक याच दुराव्यात घडली.

रुग्णालयाचा एक कारभारी

सोळाव्या शतकात रोममधील सेंट जेम्स या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात एक कारभारी होता. त्याचे नाव कॅमिलस दी लेलिस. जन्म १५५० चा. तरुणपणी तो सैनिक होता आणि जुगारात त्याने सर्वस्व घालविले होते. पायाची एक चिघळणारी जखम घेऊन तो या रुग्णालयात रुग्ण म्हणून आला, तेथेच सेवक झाला आणि पुढे तेथील कारभार त्याच्याकडे आला. ती जखम त्याला जन्मभर पुरली.

पगारी सेवक रुग्णांची हेळसांड करतात, हे त्याने रुग्ण म्हणून अनुभवले होते आणि कारभारी म्हणून पाहिले होते. शिस्तीचा बडगा उगारून हे सुधारत नाही, हेही त्याला दिसले. म्हणून सेवेलाच ईश्वरभक्ती मानणाऱ्या माणसांचा एक संघ त्याने उभा केला. पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८६ साली त्याला मान्यता दिली. एकुलत्या एका आजारी मुलाची आई ज्या मायेने शुश्रूषा करते, त्या मायेने रुग्णाची सेवा करावी, अशी त्याची आपल्या सहकाऱ्यांना शिकवण होती. प्लेगच्या साथीतही रुग्णाला सोडायचे नाही, हे या संघाचे व्रत होते. कॅमिलस १६१४ साली निवर्तला. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये, देवाचा योहान या संताबरोबर, त्यालाही रुग्णांचा व रुग्णालयांचा आश्रयदाता संत घोषित केले.

आमच्यासारख्या कार्यालयीन माणसांना या चरित्रात विशेष काही सापडते. वॉर्डाची स्थिती सुधारण्याचा विचार येथे हिशेबाच्या मेजाशी बसलेल्या माणसाच्या मनात आला, कारण तो त्याच वॉर्डातील खाटेवर झोपलेला होता.

हात दुरुस्त झाला, पुढे काय?

भारतातील ख्रिस्ती रुग्णसेवेचे मोठे केंद्र म्हणजे वेल्लोर. डॉ. आयडा स्कडर यांनी तेथे १९०० साली लहानशा दवाखान्यापासून आरंभ केला आणि १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केले. त्यातूनच आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज वाढले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तेथे शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. रोगामुळे संवेदना जाते, मग भाजले वा कापले तरी कळत नाही आणि अशा दुर्लक्षित जखमांनी बोटांचा नाश होतो, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. स्नायूंचे कंडरे एका जागेहून दुसऱ्या जागी जोडून आखडलेले हात पुन्हा उघडता व मिटता येतील, अशा शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केल्या.

शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या, पण त्याच वेळी एक विचित्र अडचण पुढे आली. हात सुधारलेले काही रुग्ण परत येऊन सांगू लागले, की आता भीक मिळत नाही. वाकड्या बोटांकडे पाहून लोकांना दया येत असे. बोटे सरळ झाली, पण रोगाचा डाग पुसला गेला नव्हता, त्यामुळे कामही मिळत नव्हते. वैद्यकाच्या नोंदवहीत बरा झालेला माणूस जगाच्या बाजारात अधिकच निराधार ठरला होता. तेव्हा ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाच्या आवारात एक छोटी वसाहत आणि कार्यशाळा उभी केली. तेथे रुग्ण सुतारकामासारखे व्यवसाय शिकले आणि संवेदनाहीन हात जपून कसे वापरावेत, हेही शिकले.

रोग बरा करणे आणि माणसाला सावरणे यांतील अंतर या उदाहरणात स्वच्छ दिसते. पहिले काम शल्यविद्येचे होते. दुसऱ्यासाठी त्या माणसाचे पुढचे आयुष्य ऐकून घेणारा कोणीतरी हवा होता. ते ऐकून घेणे ही आपल्या कामाबाहेरची बाब आहे, असे ब्रँड यांना वाटले नाही. त्यांच्या श्रद्धेने त्यांना तसे वाटू दिले नाही.

वेल्लोरमध्येच शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आपल्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. ख्रिस्ती श्रद्धेने प्रेरित झालेल्या या दोघांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येक दलित समाजातील होत्या. गर्भवतीची काळजी, अतिसारावरील उपाय आणि बालकांचे पोषण यांबरोबरच, आपण कोणीतरी आहोत हा आत्मविश्वास त्यांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग होता. ज्या बाईला आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, तिने त्याच घरात शिरून बाळंतिणीची नाडी पाहावी, यासाठी आधी तिचे मन घडावे लागते, हे आरोळे दांपत्याने ओळखले होते. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये आपल्यातून गेले.

सर्वांगीण वेदना

बरे होण्याची आशाच जेथे संपते, तेथे रुग्णालयाचे काम संपते काय? या प्रश्नाला विसाव्या शतकात सर्वांत स्पष्ट उत्तर दिले ते लंडनच्या डॉ. सिसली सॉन्डर्स यांनी. त्या प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेर १९५७ साली डॉक्टर झाल्या. आयरिश ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना, वेदना उसळण्याची वाट न पाहता, ठरावीक वेळेला नियमितपणे मॉर्फिन देण्याची पद्धत रुजविली.

रुग्णांचे बोलणे त्या बारकाईने टिपून ठेवीत. त्यातून त्यांनी ‘सर्वांगीण वेदना’ ही संकल्पना मांडली. मरणासन्न माणसाच्या वेदनेत शरीराचे दुखणे असते, मनाची भीती असते, मागे राहणाऱ्या कुटुंबाची व कर्जाची चिंता असते आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा आत्म्याचा प्रश्नही असतो. या चारींपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले, तर उरलेल्या तिघींवरील औषधही अपुरे पडते. हा विचार पुढे जगाने स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली उपशामक सेवेची जी व्याख्या केली, तीत शारीरिक व मानसिक-सामाजिक दुःखाबरोबर आध्यात्मिक दुःखाचाही स्पष्ट उल्लेख आहे.

आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी असलेले हे भारतातील पहिले हॉस्पिस. शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकारातून ते उभे राहिले आणि तेथील शुश्रूषा ख्रिस्ती भगिनींनी सांभाळली. सर्व धर्मांच्या रुग्णांना तेथे विनामूल्य स्थान मिळते. पुढे गोव्यात व दिल्लीतही या कार्याचा विस्तार झाला.

घडण म्हणजे काय?

ख्रिस्ती परंपरेत ज्याला ‘आध्यात्मिक घडण’ म्हणतात, त्याचा अर्थ आम्ही प्रथम पूजापाठ वा धर्मशिक्षण असाच समजत होतो. अभ्यासानंतर तो थोडा निराळा दिसला. दया ही भावना क्षणिक असते. पहिल्या रुग्णाला पाहून ती दाटते, दिवसातील चाळिसाव्या रुग्णाला पाहून ती आटते. आटलेल्या क्षणीही माणसाशी माणसासारखे वागता यावे, यासाठी रोजच्या सवयीने मनाला वळण लावणे, म्हणजे घडण.

त्याची साधने साधी आहेत. संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे योद्धे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत त्यांचा पाय तोफगोळ्याने मोडला आणि रुग्णशय्येवरच त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. त्यांनी घालून दिलेल्या साधनेत रोजच्या आत्मपरीक्षणाला महत्त्वाचे स्थान आहे. आज कोणाशी कसे वागलो, कोठे चुकलो, उद्या काय सुधारू, हे शांतपणे तपासायचे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर हा मनाचा रोजमेळ आहे. रोकडवहीचा मेळ दिवसाअखेरीस घातला नाही, तर वर्षअखेरीस चूक सापडत नाही, मनाचेही तसेच.

दुसरे साधन ऐकण्याचे. अमेरिकेतील धर्मोपदेशक अँटन बॉइसन यांना १९२० साली स्वतःलाच तीव्र मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहावे लागले. तेथे उपचार होते, पण आपल्या आतल्या उलथापालथीचा अर्थ ऐकून घेणारे कोणी नाही, हे त्यांना जाणवले. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मसेवक झाले आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे रुग्णांसोबत ठेवून शिकवू लागले. ग्रंथ जितक्या काळजीने वाचता, तितक्याच काळजीने या जिवंत माणसांना वाचा, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णाशी झालेला संवाद आठवून लिहून काढायचा, तो गटात वाचायचा आणि आपण कोठे उपदेश केला, कोठे विषय टाळला, कोठे घाई केली, हे सहकाऱ्यांकडून ऐकून घ्यायचे, ही पद्धत त्या प्रशिक्षणातून पुढे विकसित झाली. आज अनेक देशांतील रुग्णालयांत ती वापरली जाते.

मर्यादा कोठे?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मिशन रुग्णालयांच्या सेवेमागे धर्मप्रसाराचाही हेतू होता आणि त्यावर आपल्या देशात टीका झाली. वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतरासाठी करण्याला महात्मा गांधींनी १९३१ साली ‘यंग इंडिया’तून ठाम विरोध नोंदविला होता. रुग्णशय्येवरील माणूस असहाय असतो. त्याच्या असहायतेचा लाभ घेऊन त्याला कोणतीही श्रद्धा देऊ करणे अथवा त्याची श्रद्धा काढून घेणे, दोन्ही अनुचित होत. सॉन्डर्स स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होत्या, तरी त्यांच्या हॉस्पिसची दारे सर्व श्रद्धांच्या आणि कोणतीही श्रद्धा नसलेल्या रुग्णांसाठी सारखीच उघडी होती. आम्हीही हेच सूत्र स्वीकारले आहे.

दुसरी मर्यादा चमत्काराची. प्रार्थनेने, मंत्राने वा स्पर्शाने रोग नाहीसा होईल, असे आश्वासन आमच्या आवारात कोणालाही देता येणार नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. सर्प, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचा आधार घ्यायला लावणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. आम्ही येथे वर्णिलेली परंपरा उपचारांच्या जागी उभी राहत नाही. ब्रँड यांच्या हाती शस्त्र होते, सॉन्डर्स यांच्या हाती मॉर्फिन होते. रुग्णाच्या नातेवाइकांना देवाचे नाव घ्यायचे असेल, नमाज पढायची असेल वा क्षणभर स्वस्थ बसायचे असेल, तर त्यासाठी जागा मिळावी, इतकेच आमचे काम आहे.

आजच्या रुग्णालयात

पूर्वी रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस बसत असे. आज अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर ते उभे असते आणि आत रुग्णाभोवती यंत्रे असतात. या यंत्रांनी असंख्य प्राण वाचविले, त्यांची महती आम्ही जाणतो. परंतु २०२० व २०२१ च्या करोना साथीत आपण सर्वांनी पाहिले, की नातेवाइकांना आत येता येत नव्हते आणि संरक्षक पोशाखातील परिचारिका मोबाइल हातात धरून रुग्णाला घरच्यांचे चेहरे दाखवीत होत्या. तो त्यांच्या नेमणूकपत्रातील कामाचा भाग नव्हता. ज्यांचे मन घडलेले होते, त्यांना तो सुचला. पण एखाद्याला सुचेल यावर संस्थेने विसंबून राहणे योग्य नाही, हाच आमच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. औषधांचा साठा आपण योगायोगावर सोडत नाही. माणुसकीचा साठाही तसा सोडता येणार नाही. तिची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते.

त्यानुसार काही पावले आम्ही उचलली आहेत. रुग्ण दगावल्यास डॉक्टरांनी नातेवाइकांना समक्ष सांगितल्याची नोंद होईपर्यंत बिल विभागाला अंतिम बिलाची सूचनाच जात नाही. संगणक प्रणालीत तसा बदल केला आहे. अशी वार्ता उभ्या उभ्या वा मार्गिकेत न सांगता नव्या खोलीत, बसून सांगायची, हा दंडक घातला आहे. समुपदेशक दर आठवड्याला परिचारिका, मावशी, मामा आणि कार्यालयीन कर्मचारी यांना एकत्र बसवून एखाद्या प्रसंगाची उजळणी घेतात. पहिल्याच बैठकीत त्या काउंटरवरील लिपिकेने, कोणी न विचारता, तो प्रसंग स्वतः सांगितला. ती बोलत असताना सारे निःशब्द होते. नंतर एका मावशींनी उठून तिला पाणी दिले. प्रशिक्षणाचा तो पहिला धडा होता, आणि त्यात आम्हीही विद्यार्थी होतो.

सर्व काही साधले, असा आमचा दावा नाही. रात्रपाळीला मनुष्यबळ कमी पडते, तेव्हा दंडक मोडतो. खोली एकच आहे आणि कधी दोन कुटुंबांवर एकाच वेळी आघात होतो. या उणिवा आपल्यासमोर ठेवणे आम्ही आवश्यक समजतो.

एक खिडकी

अखेरीस देणगीदारांसाठी एक सत्यकथा. सिसली सॉन्डर्स डॉक्टर होण्यापूर्वी रुग्णालयात समाजसेविका असताना डेव्हिड टास्मा नावाच्या रुग्णाची शुश्रूषा करीत होत्या. ते पोलंडहून आलेले यहुदी गृहस्थ होते, लंडनमध्ये त्यांचे जवळचे कोणी नव्हते आणि त्यांना असाध्य कर्करोग झाला होता. मरणोन्मुख माणसांसाठी एक निराळे घर असावे, याविषयी दोघे बोलत असत. १९४८ साली टास्मा निवर्तले. जाताना त्यांनी पाचशे पौंड सॉन्डर्स यांच्या स्वाधीन केले. तुम्ही जे घर उभाराल, त्यातली एक खिडकी मी होईन, अशी त्यांची भावना होती. ते घर, सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, उभे राहायला १९६७ साल उजाडले. एकोणीस वर्षे त्या पाचशे पौंडांवर कोणताही परतावा दाखविता आला नसता. आज जगभर पसरलेल्या उपशामक सेवेच्या चळवळीत ती पहिली देणगी मानली जाते आणि त्या इमारतीत टास्मा यांच्या स्मरणार्थ खिडकी आहे.

यंत्रासाठी दिलेल्या देणगीचा नामफलक यंत्रावर लागतो व तो लागायलाच हवा. आम्ही ज्या खर्चासाठी आपल्याकडे हात पसरत आहोत, त्यावर फलक लावायला जागा नाही. समुपदेशकाचे वेतन दरमहा द्यावे लागते, प्रशिक्षण दरवर्षी पुन्हा करावे लागते आणि त्याचे फळ एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या सर्वांत कठीण घटकेत, कोणालाही न दिसता, मिळते. डायलिसिसच्या यंत्रासाठीचा निधी आम्ही स्वतंत्रपणे उभा करीत आहोत. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा, असे आम्हाला वाटत नाही.

ज्या गृहस्थांच्या पत्राने आम्हाला जागे केले, त्यांचे ऋण आम्ही येथे नम्रपणे मान्य करतो. त्यांना झालेली वेदना आम्हाला पुसता येणार नाही. तशी वेदना पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी विश्वस्त मंडळाने दाखविलेला विश्वास आणि आपण सर्वांनी आजवर दिलेली साथ हीच आमची पुंजी आहे. ती यापुढेही लाभावी, ही विनंती.

आपले नम्र,
रुग्णालय प्रशासन